म्हातारीची दाढ

आमच्या घरामागच्या कुरणाला तारेचं कुंपण आहे आणि त्या कुंपणावर एक पिवळी पाटी आहे. प्राण्यांना काहीही खाऊ घालू नये, असं तिच्यावर जर्मनमध्ये लिहिलंय. आई आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "काय रे लिहिलंय तिथे?" मी म्हणालो, "कुंपणाला हात लावू नका, असं." आयुष्यात थापा मी पुष्कळ मारल्या, पण ही विसरता येत नाही, कारण आईने ती तंतोतंत पाळली. पुढचे तीन महिने ती कुंपणापासून वीतभर लांब उभी राहायची, शाल सावरायची, तारेला बोटसुद्धा लागू न देता वरून हात आत घालायची आणि एका म्हाताऱ्या अल्पाकाला पोळी भरवायची.

थाप का मारली ते सांगतो. बाबा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेले. दिवसकार्य आटोपून मी परत आलो, आणि फेब्रुवारीत आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. स्टुटगार्टच्या एस-बान लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं आणि वीस मिनिटं चढ चढायचा, तिथे आम्ही राहतो. बायकोची नोकरी म्युनिकला, ती शनिवार-रविवारीच येते. म्हणजे आठवडाभर घरात आई आणि मी, आणि मी तर सकाळपासून लॅपटॉपला चिकटलेला. आई खिडकीशी बसून राहायची. बोलायची नाही, रडायचीही नाही. मला वाटायचं, आई, एकदा रड तरी.

पुण्यात तिचा एक नेम होता. तव्यावरची पहिली पोळी गाईची. वर तुपाचं बोट, गुळाचा खडा, आणि कोपऱ्यावरच्या देवळापाशी एक बाई गाय घेऊन बसायची तिला नेऊन द्यायची, मग घरातल्यांची पानं. इथे आल्यावर दोन दिवस पहिली पोळी ओट्यावर तशीच वाळत पडली. तिसऱ्या दिवशी मी मीटिंगमधून मान वर केली तर आई घरात नाही. खिडकीतून बघतो तर बाईसाहेब माझे बूट घालून बर्फातून कुरणाकडे निघालेल्या. कुरणात तीन अल्पाका होत्या, उंटासारख्या लांब मानेच्या आणि मेंढीसारख्या लोकरीच्या. दोन पांढऱ्या, तरण्या. त्या लांबूनच बघत राहिल्या. तिसरी तपकिरी, वयस्क. ती सरळ चालत आली आणि आईच्या हातातून पोळी खाऊन मोकळी झाली.

आई वर आली ती हसत. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"आई, ती काय गाय आहे?"

"रवंथ करते ना? मग झालं तर. आणि वरचे पुढचे दात नाहीत तिला, गाईसारखंच. मी बघितलं." नंतर जरा थांबून म्हणाली, "देवाला कळतं सगळं, तू नको शिकवूस." आणि मग तिने पाटीचं विचारलं. आता तुम्हीच सांगा, काय सांगणार होतो मी?

कुरण आणि घर दोन्ही आमच्या घरमालकीणबाईंचं. त्या खालच्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढे, ताठ, बोलणं मोजकं. जिना झाडायची पाळी आली की तसं लिहिलेली लाकडी पट्टी आमच्या दाराला अडकवून जातात, आणि सोमवारी पायऱ्यांच्या कडांवरून बोट फिरवून बघतात. हे घर मिळायला मला वर्षभर लागलं होतं. त्यामुळे बाईंना मी वचकूनच असायचो. अल्पाका त्यांच्या नवऱ्याचा शौक होता. तो माणूस आदल्या वर्षी गेला. दर रविवारी तो कुरणात उतरायचा आणि एकेकीच्या पाठीवर लोकरीत बोटं खुपसून बराच वेळ चाचपत राहायचा. मला वाटायचं, लाड चाललेत. आता बाई गवत टाकायच्या, पाणी भरायच्या. संधिवाताने त्यांची बोटं वाकलेली होती, त्याहून जास्त त्यांच्याने होत नव्हतं.

आई तपकिरीला नुसतं म्हातारी म्हणायची. "म्हातारी आज उशिरा आली." "म्हातारीला आज थंडी वाजत होती वाटतं." सकाळची पोळी झाली की अर्धा तास ती तिथेच उभी. काय बोलायची देव जाणे. मी खिडकीतून बघायचो आणि बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू. आईचं काहीतरी मार्गी लागलं, आता आपण आपलं काम करायला मोकळे, असं वाटायचं.

माझं काम म्हणजे धोके मोजणं. गाड्यांच्या ब्रेकमध्ये काय काय बिघडू शकतं त्याच्या याद्या मी करतो. बिघाड झाला तर किती वाईट, कितीदा होईल, आणि मुख्य म्हणजे वेळेवर कोणाच्या लक्षात येईल का. हे शेवटचं मी नव्या पोरांना घसा फोडून सांगतो. बिघाडाला घाबरू नका, न दिसणाऱ्या बिघाडाला घाबरा. पंधरा वर्षं हेच सांगून पोट भरतोय.

मार्चमधली गोष्ट. बर्फ वितळलं होतं. मी मीटिंगमध्ये होतो, कान पलीकडच्या लोकांकडे, आणि आई येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. तिच्या तळहातावर हिरवट, ओला, बोटभर लांब गोळा होता.

"हे बघ."

मी माइक बंद केला. "काय आहे हे? शी! आई, हात धू आधी."

"म्हातारीच्या तोंडातून पडलं. चावते आणि टाकून देते. तारेपाशी बघ जाऊन, दहा-बारा पडलेत असे. आणि एकाच बाजूने चावते रे ती, उजवीकडून. डावी बाजू लावतच नाही. तिची दाढ दुखतेय."

"तुला कोणी सांगितलं? तिने?"

"तुझे बाबा शेवटी असेच चावायचे," आई म्हणाली. "महिनाभर मला सांगितलं नाही त्यांनी. मीच ओळखलं. त्या बाईंना सांग, डॉक्टर बोलवा म्हणावं."

मी "बघतो" म्हणालो. माइक पुन्हा चालू केला. हे "बघतो" मराठी माणसाचं फार सोयीचं आहे, त्यात नाही म्हणायचं पाप लागत नाही.

सांगायचं कसं, हा प्रश्न होता माझ्यापुढे. बाई विचारणार, तुमच्या आईने इतक्या जवळून कधी बघितलं? मग पोळी निघणार, पाटी निघणार. मग काय काय निघेल, कोण जाणे. शिवाय आई महिन्या-दोन महिन्यांत परत जाणार, कशाला उगाच वितुष्ट. आणि मनात हेही होतं की आईला काय कळतंय अल्पाकातलं. लिहितानाही लाज वाटते, पण होतं.

आईने त्यानंतर दोनदा विचारलं. "सांगितलंस का रे?" एकदा मी म्हणालो, "त्या घरी नव्हत्या." दुसऱ्यांदा म्हणालो, "अगं, त्यांचं बघणारं असतं कोणीतरी, इथे सगळं वेळच्या वेळी होतं." मग तिने विचारणं सोडलं. दुसऱ्या दिवसापासून पहिली पोळी ती कोमट दुधात भिजवायला लागली. वाटीत कुस्करायची, गूळ बंद केला, आणि वाटी घेऊन खाली जायची. बाबांना शेवटी शेवटी अशीच द्यायची. मी बघितलं, आणि परत स्क्रीनकडे वळलो.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी जिन्यात बाई भेटल्या. कधी नव्हे त्या स्वतःहून बोलल्या. "म्हातारी अजून काटक आहे हं. रोज सकाळी कुंपणापर्यंत किती लगबगीने येते. माझ्या नवऱ्याने तिच्या वयाच्या दुसऱ्या सगळ्या विकल्या होत्या, ही नाही विकली." त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी बघितला नव्हता. ती लगबग कशासाठी होती ते मला माहीत होतं. गवत चावता येत नाही म्हणून ती मऊ पोळीकडे धावत होती. मी मान हलवली आणि म्हणालो, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

मेच्या पहिल्या आठवड्यात लोकर कापणारा आला. वर्षातून एकदा येतो. अल्पाकाला आडवं करून पाय बांधतात, मशीन फिरवतात आणि वीस मिनिटांत सगळी लोकर उतरते. बाई, आई आणि मी कुंपणाशी उभे होतो. दोन्ही पांढऱ्या झाल्या, उड्या मारत पळाल्या. मग म्हातारीला घेतलं. अर्ध्यात त्या माणसाने मशीन बंद केलं. तो बाजूला झाला.

लोकरीखाली काही नव्हतंच. पाठीचा कणा करवतीच्या पात्यासारखा वर आलेला, फासळ्या मोजाव्यात अशा, मांड्यांच्या जागी खळगे. आणि डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. आईने तोंडावर शाल दाबली. "अगं बाई गं," एवढंच म्हणाली. बाई एकदम खाली गवतात बसल्या.

जनावरांची डॉक्टर दुपारी आली. तरुण मुलगी, कपाळाला दिवा बांधलेला. इंजेक्शन देऊन म्हातारीला गुंगी आणली, तोंडात लोखंडी आकडा अडकवला आणि आत बघत राहिली. मग तिने आम्हाला बोलावून दाखवलं. पुढचे दात बरोबर कापलेले होते. ते वाढत राहतात, म्हणून लोकर कापणारा दरवर्षी लोकरीबरोबर ते कापतो, आणि सगळ्यांना वाटतं दातांचं झालं. पण दुखणं मागे होतं. डाव्या बाजूच्या दाढांमध्ये फट पडलेली, फटीत गवत अडकून कुजलेलं, एक दाढ दुभंगलेली. पू मुळापर्यंत उतरून जबड्याच्या हाडात गेला होता. त्या अर्ध्या उघड्या तोंडातून असा वास आला की मी मागे सरलो. आई नाही सरली.

डॉक्टर हातमोजे काढता काढता एकेक विचारत होती. वय? सतरा. मागच्या दाढा शेवटच्या कधी बघितल्या? कधीच नाही. वजन करता? नवरा हाताने बघायचा, तो गेल्यापासून नाही. तिने मान हलवली. म्हणाली, असंच होतं बहुतेक वेळा. वय झालेलं, लोकर दाट, कळपातला प्राणी दुखणं दाखवत नाही, आणि मालकाला वाटतं खातेय तर ठीकच आहे. पण काही खुणा असतात. सावकाश खाणं, एका बाजूने चावणं, चावलेले गोळे टाकून देणं. "कोणाच्याच लक्षात आलं नाही का? दोन महिन्यांपूर्वी तोंड उघडलं असतं तर एखादी दाढ काढून भागलं असतं कदाचित."

"कोणाच्या येणार?" बाई म्हणाल्या. "मी एकटीच तर आहे."

मी तिथे होतो. जर्मन मला उत्तम येतं, हापिसात माझी पत्रं इतरांना दाखवतात. मी डॉक्टरने काढलेल्या हातमोज्यांकडे बघत राहिलो. आई माझ्याकडे बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला चेहऱ्यावरून कळत होतं.

दवाखान्यात नेऊन जबडा उघडता येईल, पण एवढ्या खंगलेल्या जनावराला ती भूल सोसणार नाही, असं डॉक्टरचं मत पडलं. नाहीतर इंजेक्शन देऊन तिला कायमचं झोपवायचं. निर्णय बाईंचा होता. त्या कुरणाला दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "आजच. तिची गुंगी उतरू दे. मला तिला एकदा उभी बघायचीय."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमच्या दारावर टकटक झाली. दारात बाई. वर्षानुवर्षं त्या आमच्या घरात आल्या नव्हत्या. माझ्याकडे न बघता आईकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या आईला विचारा, त्या ती पोळी करतील का. ती मऊ, रोजची."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कुरणाकडेच आहे," त्या म्हणाल्या. "पाटी फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. नवरा गेल्यावर मीही त्याच कुंपणाशी जाऊन उभी राहायचे. त्यांना कशी नको म्हणणार?"

म्हणजे ज्या भीतीपोटी मी तोंड शिवून बसलो होतो, ती भीतीच खोटी होती. एक वाक्य. मार्चमध्ये जिन्यात उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, बस्स.

आईने कणीक भिजवली. एकच पोळी लाटली, तुपाचं बोट फिरवलं, कोमट दुधात कुस्करली. आम्ही तिघं खाली गेलो. म्हातारी उभी होती, लटलटत, अर्धवट कापलेल्या लोकरीची, ओळखू येणार नाही अशी. आई नेहमीसारखी तारेपासून वीतभर लांब उभी राहिली. बाईंनी फाटक उघडून तिला हाताला धरून आत नेलं. वाटी दोघींनी धरली. म्हातारीने मान वाकडी करून, उजव्या बाजूने, सावकाश सगळं खाल्लं.

मग बाईंनी मला विचारलं, "तुमच्या आई रोज इतक्या जवळ असायच्या. त्यांना काही जाणवलं होतं का? विचारा जरा."

मी आईला मराठीत विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेतून तक्रार आली की बाबांसमोर माझ्याकडे असंच बघायची. मग सावकाश म्हणाली, "सांग त्यांना, मला काही कळलं नाही म्हणावं. मला काय कळतंय त्यातलं? पोळी घालायला नको होती, चुकलं माझं, असं सांग. तुझं नाव काढू नकोस."

आई जन्मात माझ्यासमोर खोटं बोललेली मला आठवत नाही. डोळे भरून आले माझे. मी बाईंकडे वळलो आणि जर्मनमध्ये म्हणालो, "मार्चमध्ये लक्षात आलं होतं तिच्या. तिने मला सांगितलं होतं, डॉक्टर बोलवायला सांग म्हणून. तीनदा. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"मार्चमध्ये," बाई म्हणाल्या.

"हो. मार्चमध्ये."

त्यांनी आईच्या हातातली रिकामी वाटी घेतली, खाली ठेवली, आणि आईचे दोन्ही हात आपल्या वाकड्या बोटांत धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात डॉक्टर बॅग घेऊन फाटकातून आत आली. पुढचं पाच मिनिटांत झालं. म्हातारीचं डोकं आईच्या मांडीवर होतं. आणि तेव्हा आई रडली, हमसून हमसून, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

वर जाताना जिन्यात तिने विचारलं, "मी सांगितलं तसं सांगितलंस ना?"

"नाही आई. खरं सांगितलं."

ती दोन पायऱ्या चढून थांबली. "मग आता घर सोडायला लावतील?"

"माहीत नाही."

"लावू देत," आई म्हणाली आणि कठड्याला धरून चढायला लागली.

घर सोडायला कोणी लावलं नाही. त्या विषयावर बाई माझ्याशी आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. तेवढी शिक्षा मला पुरते आहे. आठ दिवसांनी मी आईला विमानतळावर सोडून आलो. पुढच्या शनिवारी माझ्या दाराला पाळीची लाकडी पट्टी होती, आणि तिच्याशेजारी दोरीने बांधलेली एक वही आणि पेन्सिल. वहीत बाईंच्या नवऱ्याच्या अक्षरात रविवारच्या नोंदी होत्या, पाठीला हात लावून बघितल्याच्या. शेवटची नोंद तो गेला त्याच्या आधीच्या रविवारची. त्यापुढची पानं कोरी होती.

तेव्हापासून दर रविवारी मी कुरणात उतरतो. दोघी पांढऱ्यांच्या लोकरीत बोटं खुपसून कणा चाचपतो, जबड्याखाली दोन्ही बाजूंनी हात फिरवतो, तारेपाशी गोळे पडलेत का बघतो आणि वहीत लिहितो. बाई खिडकीतून बघत असतात. आईचा फोन संध्याकाळी येतो. जेवलास का, बायको आली होती का, हे सगळं विचारून झालं की शेवटी ती विचारते, "दोघी नीट चावतात ना रे?"

सकाळी बघितलेलं असतं, वहीत लिहिलेलं असतं. तरी मी तिला फोन धरून ठेवायला सांगतो, बूट घालतो, आणि खाली जाऊन बघून आल्याशिवाय हो म्हणत नाही.